सोळा ओहमची जोडी

त्या दुपारी धाकटी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून स्वतःशीच पुटपुटत होती. दादाने आदल्या दिवशी "येतोच" म्हणून तोंड दाखवलं नव्हतं, सिंकमधली भांडी तशीच होती, आणि खालच्या मजल्यावरून आत्याचा निरोप आला होता की चहा करणारच आहेस तर माझाही कर, साखर कमी घाल.

"जज्जसाहेबांना साखर कमीच लागणार," धाकटी ओठांतल्या ओठांत म्हणाली. "जिभेवर तरी कुठे ठेवलीय."

बाहेरच्या खोलीत बाबा हसले.

धाकटीचा हात साखरेच्या डब्यात तसाच राहिला. मध्ये ओढून घेतलेलं दार होतं, नळाची टपटप होती, शेगडीचा आवाज होता. आणि बाबांचं कानाचं यंत्र तिच्या समोर, फ्रिजवर पडलं होतं. तिने ते उचललं, नखाने मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हता. सेल कधी बसवल्याची खूणही नव्हती.

ती दाराशी आली. बाबा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत पाठमोरे बसले होते. गेले कित्येक महिने घरातला प्रत्येक माणूस त्यांच्याशी ओरडून बोलायचा. ती मात्र अगदी हळू, श्वासावर म्हणाली, "बाबा, सदऱ्याचं बटण तुटलंय."

बाबांनी मान खाली घालून बटणं पाहिली.

मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. वळून त्यांनी लेकीकडे पाहिलं. खोडी पकडली गेलेल्या मुलासारखे दिसत होते.

"सगळी जागेवर आहेत," ते म्हणाले. "लबाड आहेस."

"मी लबाड? बाबा, तुम्हाला ऐकू येतं?"

"दार लोट. खाली तुझी आत्या बसलीय, तिचे कान माझ्याहून तीक्ष्ण आहेत."

धाकटी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. वाचनालयात दिवसभर लोकांना "हळू बोला" सांगणाऱ्या तिला या घरात वरच्या पट्टीत ओरडायची सवय लागली होती. तेही उगाचच? तिला हसावं की रागवावं कळेना.

"डॉक्टरांनी तपासलं होतं ना? तो आलेख कागदावर काढून दिला होता."

"आवाज आला की बटण दाबायचं असतं. मी जरा उशिरा दाबत गेलो. त्यात काय कठीण आहे?"

"पण का?"

बाबांनी हनुवटीने समोरच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे दादाने मागच्या वाढदिवसाला आणलेले दोन स्पीकर उभे होते. काळे, चकचकीत, बारीक कमरेचे, एखाद्या दवाखान्यात शोभतील असे. त्यांच्या मध्ये बुटक्या टेबलावर रेकॉर्ड प्लेअर आणि बाबांचा अँप्लिफायर. पत्र्याचा सांगाडा, वर काचेचे चार व्हॉल्व्ह, आणि मागे बाबांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलेले दोन ट्रान्सफॉर्मर. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जळलेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून दिली. घरासाठी म्हणून गुंडाळले ते हेच.

"हे मी सोळा ओहमला गुंडाळलेत," बाबा म्हणाले. "आपल्या त्या दोन मोठ्या पेट्यांसाठी. थिएटर बंद पडलं तेव्हा तिथून आणलेले स्पीकर होते ते. कागदी, हलके. नुसती फुंकर घातली तरी हलायचे. त्यांना माझे चार वॉट म्हणजे रग्गड. आणि हे दादाचे? हे चार ओहमचे, मनाने जड. यांना हलवायलाच शंभर वॉट पाहिजेत. माझा अँप्लिफायर म्हणजे सायकल आहे. तिला कुणी ट्रक बांधला तर सायकलीचा दोष?"

"मग नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा."

"तार बदलता येईल. ताकद कुठून आणू? चार वॉट ते चार वॉटच." त्यांनी थरथरणारी बोटं तिच्यापुढे धरली. "आणि आता तारही नाही गुंडाळता येत."

त्या वाढदिवसाचा दिवस धाकटीला लख्ख आठवत होता. बाबांना नेहमीच्या तपासणीला डॉक्टरकडे पाठवून दादाने मोठ्या पेट्या हलवल्या होत्या, त्यांना परत आल्यावर चकित करायचं म्हणून. आईने जुन्या पडद्याचं कापड लावलेल्या त्या पेट्या आत्याने हौसेने खाली नेल्या. एकीवर तिचा टीव्ही बसला, दुसरीवर झाडाची कुंडी. मग नव्या स्पीकरवर गाणं लावलं. आवाज कुठून तरी उशीखालून यावा तसा आला. बाबांनी बटण पूर्ण फिरवलं, पुढे वाकले, कान स्पीकरला लावला. दादाने उत्साहाने विचारलं होतं, "कसे वाजतात, बाबा?"

"आणि तुम्ही म्हणालात, आताशा मला कमी ऐकू येतं."

"मग काय म्हणायला पाहिजे होतं? पोराने हौसेने आणले होते. तोंड बघितलंस का त्याचं तेव्हा? लहानपणी शर्यतीत नंबर आला की असं असायचं. एकदा बोलून गेलो. मग ते निभवावं लागलं. आधी डॉक्टर आले, मग यंत्र आलं. मग सगळे ओरडायला लागले. हळूहळू तर समोर बसूनच..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. धाकटीच्या मनात ते आपोआप पुरं झालं. मागच्या महिन्यातला तो रविवार. याच खोलीत दादा, वहिनी, आत्या आणि ती. टेबलावर वृद्धाश्रमाचं रंगीत माहितीपत्रक, आणि बाबा याच खुर्चीत, याच खिडकीजवळ. ती म्हणाली होती, "जरा हळू बोला." त्यावर आत्या म्हणाली होती, "हळू कशाला? त्याला कुठे ऐकू येतंय."

"बाबा," ती म्हणाली. "म्हणजे त्या रविवारी..."

"चहा उतू जातोय बघ."

चहा खरंच उतू गेला होता. ती शेगडी पुसून परत आली तेव्हा बाबा पुन्हा खिडकीबाहेर बघत होते.

"दादाला सांगायचं नाही," ते म्हणाले. "शप्पथ घे."

"का नाही सांगायचं? का म्हणून? त्याला कळू दे की!"

"कळून तो काय करेल? आयुष्यभर हात चोळत बसेल. तू घे शप्पथ."

तिने घेतली. रागारागाने घेतली, पण घेतली. आत्याचा चहा घेऊन ती खाली निघाली, तेव्हा बाबांनी तिला बोलावून म्हटलं, "त्या आपल्या तबकडीत गाणं सुरू व्हायच्या आधी ती गाणारी बाई श्वास घेते, आठवतं? तुझी आई म्हणायची, श्वास ऐकू आला की समजायचं जोडी जमली. या नव्यांवर तो येत नाही. आवाज येतो, बाई येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

*

त्यानंतर घर माणसांनी भरलं. येणाऱ्या प्रत्येकाला बसायला खुर्ची, हातात पाण्याचा पेला, आणि मग दादाच्या तोंडून तीच हकिगत.

"शेवटी शेवटी काही कळत नव्हतं त्यांना. ऐकू तर अजिबात येत नव्हतं. आपण बोलत असायचो, ते शून्यात."

"सुटला बिचारा," आत्या निकाल द्यायची. मोठी बहीण म्हणून तो अधिकार तिच्याकडे होता. "कान गेले की माणूस निम्मा गेलाच."

धाकटी पाण्याचे पेले भरत राहिली. प्रत्येक वेळी ते वाक्य कानावर पडलं की ती मूग गिळून आत जायची. गेलेल्या माणसापुढे घेतलेली शप्पथ मोडायची कशी? जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं.

दादा वाईट नव्हता. तीच तर अडचण होती. तो रात्रंदिवस धावपळ करत होता, डोळे सुजले होते, येणाऱ्या म्हाताऱ्यांना हात धरून जिना उतरवून देत होता. वाईट माणसावर संतापणं सोपं असतं.

दहा-बारा दिवसांनी गर्दी ओसरली. त्या शनिवारी दुपारी घरचेच तेवढे जमले, खोली आवरायला. दादाने बाह्या वर केल्या होत्या.

"स्पीकर मी घरी नेतो," तो म्हणाला. "बाबांची आठवण म्हणून. त्यांच्या शेवटच्या वाढदिवसाला मी दिलेले हेच. यांना एक चांगला नवा अँप्लिफायर घेईन. हा डबा मात्र भंगारात. खाली शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनाही नको."

धाकटी पुस्तकांची खोकी बांधत होती. दोरी तिच्या हातातून सुटली.

"कुठला डबा?"

"हा. आधीच मेलेला आहे. त्या बाबतीत बाबा आणि हा, दोघंही बरोबरच थकले."

"निदान पेटतो का बघ तरी," आत्या म्हणाली. "पेटत असला तर कुणीतरी दिवा म्हणून ठेवेल. छान लाल दिसतो."

दादा हसला. त्याने नव्या स्पीकरच्या तारा आधीच काढून गुंडाळून ठेवल्या होत्या. त्याने अँप्लिफायरची वायर सॉकेटमध्ये खुपसली आणि बटणाकडे हात नेला.

"हात काढ!"

खोलीतली सगळी माणसं दचकली. हा आवाज धाकटीचा होता, हे धाकटीलाही क्षणभर खरं वाटलं नाही. तिने पुढे होऊन वायर उपटली.

"स्पीकर जोडल्याशिवाय हा चालू करायचा नाही. ट्रान्सफॉर्मर जळतो. चड्डीत होतास तेव्हापासून बाबांनी सांगितलंय तुला."

"अगं, भंगारात जायचाय तो!"

"भंगारात जायच्या आधी तू जाळून पाठवणार आहेस का?"

"एवढं काय झालं?" दादाचा चेहरा लाल झाला. "सारखी बघतोय, तोंड फुगवून फिरते आहेस. बाबा काय माझे नव्हते? कोण करत होतं त्यांचं? डॉक्टर कुणी केले, यंत्र कुणी आणलं?"

"यंत्र तूच आणलंस," धाकटी म्हणाली. "खरंय."

"आणि ही टोमणे मारणार!"

"पोरी, भावाशी असं बोलू नये," आत्याने खटला चालवायला घेतला. "त्याने हौसेने एवढे महागाचे स्पीकर आणले. माझ्या भावाने कधी कपाळाला आठी घातली नाही. तुलाच का त्रास?"

धाकटीने आत्याकडे पाहिलं. मग ती जिन्याकडे चालायला लागली.

"कुठे निघालीस?"

"तुमच्या घरी, आत्या. तुमची कुंडी उचलायला."

*

आत्याच्या खोलीत टीव्हीखाली एक पेटी आणि खिडकीत कुंडीखाली दुसरी. आईने लावलेल्या पडद्याच्या कापडावर पाण्याचे ओघळ उमटले होते, पण कापड शाबूत होतं. पेटीशेजारी एक लाकडी खुर्ची होती. बाबा रोज संध्याकाळी खाली येऊन याच खुर्चीत बसायचे. आत्याला वाटायचं, भाऊ आपल्याशी गप्पा मारायला येतो. तो हूं की चूं करत नाही म्हणून ती बाकीच्यांकडे तक्रारही करायची. बसल्या बसल्या त्यांचा एक हात मात्र पेटीवर असायचा. धाकटीने ते कितीदा पाहिलं होतं. आज तिला ते दिसलं.

तिने टीव्ही जमिनीवर उतरवला, कुंडी खाली ठेवली. पेटीला हात घातला, ती जागची हलेना. राग कितीही असला तरी लाकूड ते लाकूड.

"त्या बाजूने मी धरते," मागून आवाज आला.

वहिनी दारात उभी होती. वहिनी या घरात कुणाची बाजू घेत नसे. भांडण सुरू झालं की ती कपडे घड्या करायला घ्यायची. आज तिने पदर खोचला आणि सरळ वाकून पेटीची कड धरली.

"वहिनी, तुम्ही कशाला?"

"ताई, एक सांगू?" वहिनी हळू आवाजात म्हणाली. "कानाच्या यंत्राचे सेल मीच आणून दिले होते. दर वेळी आवरताना बघायचे, पाकीट फोडलेलंच नाही. विचार केला, ह्यांना सांगावं. मग वाटलं, बाबांना सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. उचला आता. एक, दोन..."

जिन्याच्या वळणावर पेटी अडकली. वहिनी वर, धाकटी खाली, आणि मागे आत्या, "माझा टीव्ही जमिनीवर ठेवलास! माझा टीव्ही!" म्हणत येत होती.

"तिरकी करा!" वरून दादा ओरडला. "अगं, तिरकी! अशी नाही, माझ्याकडे!" आणि काय चाललंय ते कळायच्या आत तो तीन पायऱ्या उतरून आला, त्याने वहिनीच्या हातातली कड घेतली आणि पेटी तिरकी करून वर ओढली. पूर्वी ही पेटी बाबांबरोबर त्यानेच वर चढवली होती. हातांना वळण आठवत होतं.

दुसरी पेटी आणायला तो न सांगताच खाली गेला. पण वर आल्यावर त्याने हात झटकले.

"झालं समाधान? दोन्ही आणल्या. आता हे बंद पडलेलं खोकं त्या जुन्या खोक्यांना जोडून तुला काय सिद्ध करायचंय?"

धाकटीने पेट्या भिंतीशी जुन्या जागी ठेवल्या. फरशीवर त्यांचे चौकोन अजून उजळ दिसत होते, त्यात त्या बरोबर बसल्या. तारांची टोकं सोलून तिने पिळली, लाल लालला, काळी काळीला, आणि प्रत्येक स्क्रू बाबांसारखाच शेवटी एक अर्धा वळसा जास्त आवळला. मग वायर सॉकेटमध्ये घालून बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"बघ," दादा म्हणाला.

"थांब. तापायला वेळ लागतो."

काचेच्या आत नारिंगी ठिणगी दिसली, मग ती पसरत गेली. पेट्यांमधून अगदी बारीक गुणगुण आली. आत्या गप्प बसली, ही त्या दुपारची पहिली नवलाई. धाकटीने प्लेअरवर तबकडी ठेवली आणि सुई टेकवली. आवाजाचं बटण तिने पावभागसुद्धा फिरवलं नव्हतं.

खरखर झाली. आणि मग, कुठूनही नाही, खोलीच्या मधोमध, जणू वेताच्या खुर्चीशेजारी कुणीतरी उभं आहे तिथून, एका बाईने श्वास घेतला.

वहिनीने दाराची चौकट धरली. गाणं सुरू झालं. ते या घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं, आईच्या वेळेपासूनचं. पण गेले कित्येक महिने कुणी ते ऐकलं नव्हतं. उशीखालून येणारं काहीतरी ऐकलं होतं. आता आवाज भिंतींना न भिडता खोलीभर उभा होता. दादा आधी उभा होता, मग पलंगाच्या कडेवर बसला. त्याने बटणाकडे पाहिलं, अँप्लिफायरकडे पाहिलं, भिंतीला टेकवून ठेवलेल्या आपल्या काळ्या चकचकीत स्पीकरकडे पाहिलं.

"हा एवढा वाजत होता?" तो म्हणाला. "एवढ्याशा आवाजावर?"

"हा याच पेट्यांसाठी केलेला आहे."

"मग माझ्या स्पीकरवर..."

"त्यांच्यावर कधी वाजलाच नसता. जोडी नव्हती ती. तुझे स्पीकर वाईट नाहीत. याचे नव्हेत, एवढंच."

"बाबांना हे माहीत होतं?"

"त्यांनी गुंडाळलेत ते ट्रान्सफॉर्मर, दादा."

"मग बोलले का नाहीत?" त्याचा आवाज चढला, आणि त्यात दुखावलेला लहान मुलगा होता. "एकदा म्हणायचं होतं! मी बदलून आणले असते. मी काय खाल्लं असतं त्यांना?"

"तू हौसेने आणले होतेस म्हणून."

"काहीतरीच," आत्या मध्ये पडली, पण तिच्या बोलण्यात नेहमीचा ठोका नव्हता. "त्या बिचाऱ्याला काय फरक पडणार होता? हे नि ते, त्याला ऐकू कुठे येत होतं. उगाच पोराच्या डोक्याला ताप देऊ नकोस."

धाकटीच्या डोळ्यांपुढे बाबांची थरथरती बोटं आली. शप्पथ घे. कळून तो काय करेल? तिने दादाकडे पाहिलं. दादा मान हलवत होता, आत्याचं म्हणणं पटवून घेत होता. चेहरा निवळत चालला होता. खरंच, कानच गेले होते. मग काय. उद्या तो हीच हकिगत पुन्हा कुणाला तरी सांगणार होता. बाबा म्हणजे शून्यात बघणारा, काही न कळणारा म्हातारा, आणि हेच बाबा पुढे नातवंडांनाही मिळणार होते.

नाही, बाबा. एवढं नाही.

तिने सुई उचलली. खोली एकदम रिकामी झाली.

"त्यांना ऐकू येत होतं," ती म्हणाली. ओरडली नाही. या घरात हळू बोललेलं पोचतं, हे तिला आता ठाऊक होतं. "कान शेवटपर्यंत ठणठणीत होते. यंत्रात कधी सेलच नव्हता, वहिनींना विचार. तुझं मन मोडू नये म्हणून ते एकदा खोटं बोलले आणि मग त्यांनी ते निभावलं. आत्या, तुम्ही त्यांच्याबद्दल त्यांच्या समोर जे जे बोललात, ते त्यांनी ऐकलं. तरी ते रोज खाली तुमच्याकडे येऊन बसले."

आत्याचा हात तोंडाकडे गेला.

"आणि तो रविवार, दादा. तू इथे बसला होतास, मी तिथे. ते या खुर्चीत. तू म्हणालास, खोलीतलं मोठं सामान तर गेलं, आता बाबांचं काय करायचं ते बघू. आपण हसलो होतो."

दादा वेताच्या खुर्चीकडे बघत राहिला.

"ते ऐकत होते," धाकटी म्हणाली. "आपला एकही शब्द त्यांच्या कानांतून सुटला नाही."